शाळा बंद, भट्टी चालू

पुन्याला कंप्युटरवर काम करनारा आमच्या भावकीतला एक पोरगा कोरोनात गावाकडं आला आन् गच्चीवर खुर्ची टाकून बसाय लागला. मांडीवर लॅपटॉप, कानात वायर, वर इस्त्रीचा शर्ट आन् खाली बर्मुडा. म्या खालून इचारलं, "काय करायलास रं वर? ऊन खायलास का?"

"काका, वर्क फ्रॉम होम. घरूनच काम."

मला लई हसू आलं. मनलं, "ह्याला नाव बी हाय व्हय? मी जलमल्यापासून हेच करायलोय, मला कुनी सांगितलंच न्हाय."

खरंच सांगतो. आमची खव्याची भट्टी अंगनातच. ईट नावाच्या गावाच्या बाजूला आमचं गाव, इकडं गल्लीगल्लीत भट्टी पेटल्याली दिसंल. सकाळी घरचं दूध, भावकीतलं दूध, सगळं कढईत वतायचं, खाली बाभळीची लाकडं सारायची आन् लोखंडाचं लांब दांड्याचं उलथनं घेऊन ढवळत बसायचं. दुपारपर्यंत दुधाचा खवा व्हतो, मग तो वाशीच्या शेठकडं जातो, मुंबईची न्हवं, आमच्या इकडची वाशी. एवढंच काम. अडान्याला जमंल असं. पन त्यात एक खोट हाय. ढवळायचं थांबायचं न्हाय. खवा म्हंजे रडक्या लेकरासारखा हाय, हात काढला की बोंबललाच. बुडाला लागला की करपट वास येतो, आन् तो वास मग कशानं बी जात न्हाय. नाक खाजवायचं तरी डाव्या हातानं. मला पाहुने आले तरी मी उठत न्हाय. लोकाला वाटतं, ह्याला माज आलाय.

शाळंशी माझं कधी जमलं न्हाय. तिसरीत असताना मी शाळा सोडली का शाळंनं मला सोडलं, ह्यावर आमच्या घरात अजून एकमत न्हाय. म्हून शाळा बंद झाल्याचं कळलं तवा पयल्या दिवशी मी हसलो. थोरली चौथीला, तिनं दप्तर खुंटीला अडकवलं. धाकटी अंगनवाडीत जायची, तिची अंगनवाडी बी बंद. मला वाटलं, बरं झालं, पोरींची मजा. तवा मला कुठं ठावं, की आख्ख्या तालुक्यात शाळंसाठी सगळ्यात जास्त मीच रडनार हाय.

माझी बायको गावातली आशाताई. एरवी तिचं काम असायचं पन बसून-उठून. कोरोना आला आन् तिला रोज सकाळी घरोघर फिरायचं आलं. कुनाला ताप हाय, कुनाला खोकला, कोन मुंबईवरून आलाय. तोंडाला फडकं, हातात तापाचं यंत्र, बोटाला लावायचा चिमटा. निघताना मला मनली, "अहो, थोरलीचा अभ्यास मोबाईलवर येतोय, तिला मोबाईल द्या. आन् धाकटीला भट्टीपासून लांब ठेवा. बास, दोनच कामं."

"दोन काय, धा सांग."

"दोनच नीट करा."

आता मला सांगा, धाकटीला भट्टीपासून लांब कसं ठेवायचं? तिला भट्टीची गोडी म्याच लावल्याली. खवा काढला की कढईच्या कडंला तांबूस खरवड राहते. जरा कुरकुरीत, जरा चिकट. ती खरवड म्हंजे भट्टीवाल्याच्या घरातल्या लेकरांचा हक्क. आमच्या बापानं आमाला दिली, म्या पोरींना दिली. कढई उतरवली की म्या उलथनं कढईच्या काठाव आपटायचो, ठण्ण, ठण्ण, आन् धाकटी जिथं असंल तिथून पळत यायची. अंगनवाडी सुटून ती घरी यायला आन् कढई उतरायला एकच गाठ पडायची. मला लई कौतुक. आल्यागेल्याला दाखवायचो, बगा, कशी येती.

पन ढवळताना बी उलथनं काठाला लागतंच की! ठण्ण झालं, धाकटी हजर. दूध उकळ्या मारायलंय, खाली जाळ फुफाटलाय, आन् ही काठावर हात ठेवाय बघती. "मागं सर!" ती जायची. परत ठण्ण. परत हजर. एका सकाळी किती बार मागं सर मनलो, माझंच मला ठावं न्हाय. थोरली मनली, "पप्पा, तुमी बोलवता कशाला मग?"

म्हून मी आवाज न करता ढवळाय लागलो. उलथनं काठाला लावायचंच न्हाय, मधल्यामधी फिरवायचं, असं, चोर घरात शिरल्यासारखं. आता कढईची कड उलथन्यानं खरवडली न्हाय तर काय व्हनार? लागला खवा. संध्याकाळी वाशीवरून शेठचा फोन.

"काय हो, माल करपट लागायलाय. भट्टीवर झोपला व्हता का काय?"

"न्हाय शेठ, लेकरं हायत घरी."

"लेकरं सगळ्याच्याच घरी हायत. माझ्या बी हायत."

"तुमच्या घरी कढई न्हाय ना पेटल्याली."

"मग भट्टी चालवा का लेकरं सांभाळा, एक काय ते ठरवा," शेठ मनला आन् फोन ठेवला.

तेच तर ठरत नव्हतं.

एक दिवस जरा लाकूड सारायला वाकलो. लाकडाचं जळकं टोक भट्टीच्या तोंडातून बाहेर आल्यालं. धाकटी कधी आली, कशी आली, ठाऊक न्हाय. वास आला. खव्याचा न्हाय, कापडाचा. बघतो तर तिच्या फ्रॉकच्या कडंला लाल रेघ सरकायलीय. म्या तळहातानं दाबली. पोरगी रडली बी न्हाय, तिला वाटलं मी खेळायलोय. माझाच हात पोळला, आन् कढईत खवा लागला तो येगळाच.

संध्याकाळी बायकोनं फ्रॉक धुवायला घेतला. "ह्याला भोक कशाचं?"

"शेरडानं खाल्लं."

"शेरडानं खाल्लं तर कड काळी कशी?"

"काळं शेरडू हाय ना आपलं."

असल्या बोलन्यावर ती हसती एरवी. तवा न्हाय हसली. फ्रॉक तसाच बादलीत सोडला आन् मनली, "मागच्या साली वस्तीवरच्या त्या लेकराच्या पायाव उकळतं पानी पडलं व्हतं. पट्टी बदलाय मी जात व्हते. पट्टी काढायच्या आधी ते लेकरू माझ्याकडं बघायचं. ते बघनं मला अजून आठवतं. आपल्या घरात मला तसलं नगं." एवढंच. आवाज बी चढवला न्हाय. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

तवापासून माझं चित्त ठिकान्यावर ऱ्हाईना. जेवताना उठायचो, भट्टी विझली का बघायचो. ढवळताना मान सारखी मागं. एक डोळा कढईत, एक पोरीकडं. मानंला कळ लागली. लोकं मनायची, ह्याच्यामागं कोन लागलंय? म्या मनायचो, माझी धाकटी.

मग म्या थोरलीला राखनदार केली. तिला मनलं, "तू इथंच अभ्यास कर, आन् हिच्याकडं बघ."

ती भट्टीसमोरच पोतं टाकून मोबाईल घेऊन बसली. जरा येळानं धाकटी सरपनाच्या ढिगावर चढाय लागली. म्या वरडलो, "अगं, बघ की तिच्याकडं!"

थोरली डोकं वर न काढता मनली, "पप्पा, मी शाळंत हाय."

"कुठं शाळंत? तू तर भट्टीम्होरं हाईस."

"शाळा सुरू हाय. मधी बोलू नका."

बाईंनी मनल्यासारखंच मनली. मी गप बसलो. सवय हाय जुनी.

पन मोबाईल घरात एकच. अभ्यास बी त्यावरच, शेठ बी त्यावरच. आन् माझी बोटं तुपकट. एका सकाळी खवा लई झकास उतरला. शेठनं टाइप केल्यालं मला झटकन वाचता येत न्हाय, म्हून आमचं बोलून पाठवायचं असतं. म्या थोरलीच्या हातातून मोबाईल घेतला, बटन दाबलं आन् बोललो, "शेठ, आजचा माल बगा, नाद न्हाय करायचा. परवाचा मातूर मी शेरडाला बी घातला नसता, पन तुमी घेतला, लई उपकार झाले." आन् सोडलं.

गेलं ते शेठला न्हाय. चौथीच्या ग्रुपवर गेलं. आख्ख्या वर्गाच्या मायबापानं ऐकलं. बाईंनी लिवलं की ग्रुपवर अभ्यासाशिवाय दुसरं काय टाकू नये. त्याखाली एका पालकानं लिवलं, खवा काय भाव? त्याखाली दुसऱ्यानं इचारलं, परवाचा कुनाकुनाला घातला?

थोरली रडाय लागली. "सगळा वर्ग हसायलाय मला."

"वर्ग कुठाय? शाळा तर बंद हाय."

"मोबाईलमदी हसायलाय!"

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाईल घेतला आन् त्या पुन्याच्या पोराच्या गच्चीवर जाऊन बसली. मनली, तिथं रेंज चांगली हाय. रेंज चांगली व्हतीच, पन खरं कारन मीच. शेठला सांगून ठेवलं, सकाळी फोन करू नका, मोबाईल शाळंत गेलाय.

म्हंजे सकाळी घरात परत तिघंच. मी, कढई आन् धाकटी.

आमच्या समोर एक चाची ऱ्हाते. दारातच शिलाई मशीन, ब्लाऊज शिवती. तवा मास्क शिवत व्हती. तिच्या घरात बी एक नातू, अंगनवाडीतलाच. तो दिवसभर मशीनखाली बसून दोऱ्याची रिळं सोडवायचा. ती एका पायानं मशीन हानायची आन् दुसऱ्या पायानं नातवाला मागं सारायची. आमी दोघं एकमेकाकडं बघून कपाळाला हात लावायचो.

एका सकाळी म्या काय केलं, बायकोचं जुनं लुगडं घेतलं, एक टोक धाकटीच्या कमरंला आन् दुसरं लिंबाच्या झाडाला. रानात कामाला गेल्यावर आमच्या मायनं मला असंच बांधल्यालं. मला वाटलं, काय वाईट? मी तर बरा झालोय. म्हंजे बरा झालोय असं माझं मत.

चाचीनं मशीन थांबवली. "क्या रे भाई, बच्ची को बकरी बनाया क्या?"

"काय करू चाची, भट्टीत शिरती."

"अरे, खोल पहले. रो रही है."

"तुमचा बी बांधून ठेवा ना मग, सुया खाईल एखाद दिवशी."

"मेरा सुई खाएगा तो मैं काम बंद करूंगी," चाची मनली. "तू तेरा देख."

सोडली. धाकटी एवढी रुसली की त्या सकाळी जवळच आली न्हाय. मला वाटलं, रोज रुसावी. पन लेकराला रुसाय बी चिकाटी लागती, ती तिला न्हाय.

मग मला अक्कल सुचली. माझी अक्कल अशी असती, की सुचली तवा मीच माझी पाठ थोपटतो, आन् पुढं काय व्हतं ते दुसऱ्यानं निस्तरायचं. बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी व्हती, पोळ्याला बांधायची. म्या ती धाकटीच्या कमरंच्या करगोट्याला बांधली. आता ती जिथं जाईल तिथं वाजंल. मागं वळून बघायचं कामच न्हाय. जवळ वाजलं की "मागं सर", लांब वाजलं की बिनघोर.

धाकटीला घंटी लई आवडली. नाचून दाखवायची. माझी मान सरळ झाली, खवा पांढराशुभ्र उतराय लागला, शेठ मनला, आता कसं! बायकोनं घंटी बघितली, जरा येळ माझ्याकडं बघितलं आन् मनली, "इचार तर चांगला हाय." लग्नाला एवढी वर्सं झाली, माझ्या इचाराला चांगला मनायची ही पयलीच बारी. मी त्या दिवशी दोन भाकरी जादा खाल्ल्या.

बरेच दिवस चाललं. लोकं मास्क लावून बाहेर निघाय लागली, दुकानं उघडली, येष्ट्या तुळजापूर-सोलापूरला जाय लागल्या. सगळं उघडलं, शाळा सोडून. मी रोज कुनाला तरी इचारायचो, शाळंचं काय? ज्यानं शाळंत एक दिवस धड काढला न्हाय, त्यो शाळा कधी उघडती म्हून सरपंचाच्या दारात जाऊन बसायचा. सरपंच मनला, "तुला आता काय शिकायचं ऱ्हायलंय?"

आन् मग त्यो दिवस.

दूध आटत आल्यालं. ह्या येळंला हात जोरात लागतो, डोळा काढता येत न्हाय. मागं गोठ्याच्या कोपऱ्यातून घंटी वाजायली व्हती. छुन छुन. जरा थांबायची, परत छुन छुन. म्या मनात मनलं, गुनाची बाय, खेळायली बिचारी एका जागी. तिच्याशी बोलत बी व्हतो मी. "काय करायलीस गं? मातीची भाकर करायलीस का? मला एक ठेव." छुन छुन. मला वाटलं, व्हय मनली.

लई येळ असं चाललं. मग घंटी पार माझ्या पाठीशी आली. म्या हिसकून मनलं, "मागं सर!" आन् मागं शेरडाचं करडू वरडलं.

वळलो. करडाच्या गळ्यात घंटी. नीट अडकवल्याली, करगोट्याच्या काळ्या दोऱ्यासकट.

आता सांगू नये, पन सांगतो. म्या पयलं कढईत बघितलं. सगळ्यात आधी. उकळत्या खव्यात उलथनं खुपसून बुडापर्यंत फिरवलं. मग भट्टीच्या तोंडात वाकून बघितलं. मग पान्याच्या हौदात. मग सरपनामागं. तोंडातून हाक निघंना. हाक मारायची तर नाव घ्यावं लागतं, आन् नाव घेतलं आन् उत्तर आलं न्हाय तर?

चाचीनं माझं तोंड बघून मशीन सोडली. "क्या हुआ?"

"धाकटी न्हाय."

"घंटी तो बज रही थी!"

म्या करडाकडं बोट दाखवलं आन् पळालो. अनवानी. पायाला काटा मोडला का खडा रुतला, कळलं न्हाय. पार इहिरीपर्यंत पळालो. इहिरीत वाकून बघितलं, पानी गप व्हतं. माघारी फिरलो. गच्चीवरून थोरलीनं बघितलं, तिनं मोबाईल त्या पुन्याच्या पोराच्या हातात टाकला आन् ती दुसऱ्या बाजूनं पळाली. त्यो पोरगा कानातली वायर तशीच ठेवून आमच्या गोठ्यात शिरला, आन् त्याच्या कानात पुन्याचा सायब त्याला काय तरी इचारत व्हता.

मारुतीच्या देवळाजवळनं वळलो आन् दिसली. अंगनवाडीच्या पायरीवर बसल्याली. दाराला कुलूप, कुलपाला गंज. मांडी घालून, हाताची घडी, तोंडावर बोट. एकटीच.

पुढं जाऊन एक ठेवून द्यावी असं मनात आलं. पन गेलो आन् तिच्या शेजारी बसलो.

"इथं का आलीस गं?"

तिनं तोंडावरचं बोट काढलं. "बाई आल्या न्हाईत अजून."

"आन् घंटी का काढली?"

"वर्गात आवाज करायचा नसतो," ती मनली, आन् बोट परत तोंडावर.

गल्लीतून एक बाई घागर घेऊन गेली, तिनं आमच्याकडं बघितलं आन् काय न इचारता फुडं गेली. जरा येळानं वारा फिरला आन् वास आला. करपट. असला करपट वास म्या जन्मात घेतला नव्हता, आन् म्या जन्मात तेवढंच तर केलंय. कळलं, आज सगळी कढई गेली. हात आपोआप उचलला, उलथनं धरल्यासारखा. उठावं वाटलं. उठलो न्हाय. म्हंजे उठता आलं न्हाय, खरं तर. पोरीनं माझ्या धोतराचं टोक मांडीखाली घेतलं व्हतं.

"पप्पा, तुमी कितवीत?"

"तिसरीत."

"अजून?"

"व्हय. अजून."

तिनं माझ्याकडं लई कनवाळू नजरंनं बघितलं.

तेवढ्यात थोरली आली, धापा टाकत, एका पायात चप्पल. धाकटीला बघून ती पायरीवर धपकन बसली आन् मग रडली. रडतारडताच मनली, "पप्पा, कढई पेटली व्हती. चाचीनं माती टाकली." आन् मग, जरा दम घेऊन, "माझी परीक्षा चालू व्हती मोबाईलवर."

म्या तिचं नाक माझ्या बाहीनं पुसलं. तिनं मान बाजूला घेतली. बाहीला खव्याचा वास, तिला त्या वासाचा कट्टाळा आलाय.

घरी आलो तर अंगनात मातीचा ढीग, मधी काळी कढई, आन् भवती धूर. चाचीचा नातू ढिगावर चढून बसल्याला. चाची पदरानं तोंड पुसत मनली, "मिली?" आन् उत्तर ऐकायच्या आधीच धाकटीला उचललं, तिचे हातपाय उलटसुलट करून बघितले, आन् मगच मला चार शिव्या दिल्या. त्या इथं सांगता येत न्हाईत. पन बरोबर व्हत्या.

बायको दुपार कलल्यावर आली. तिला गल्लीच्या तोंडालाच कुनीतरी सांगितलं व्हतं. ती आली, चप्पल न काढता धाकटीजवळ बसली, तिला पोटाशी धरून ठेवलं. लई येळ. मी आपला कढईजवळ उभा, शाळंत अंगठे धरायला लावल्यासारखा.

"म्या घंटी बांधली व्हती," म्या मनलं.

"व्हय. मी बी चांगली मनले व्हते."

तिनं तसं मनायला नको व्हतं. सगळा दोष माझ्यावर टाकला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग ती उठली. "सकाळी भट्टी पेटवायची न्हाय. सकाळचं दूध डेअरीच्या गाडीत घाला. संध्याकाळी मी घरी असते, मी पोरींना आत घेऊन बसते, तवा तुमी काय पेटवायचं ते पेटवा. शाळा उघडंपर्यंत."

"शेठ काय मनंल?"

"शेठला सांगा, बायको ऐकंना."

शेठला फोन लावला. तसंच सांगितलं. बायकोचं नाव पुढं करायला मला कधी लाज वाटल्याली न्हाय.

"सकाळचा माल बंद? आन् किती दिवस?" शेठ मनला.

"शाळा उघडंपर्यंत."

"शाळा कधी उघडती?"

"तुमाला कळलं तर मला सांगा शेठ."

शेठ मनला, "माझी बी दोघं हायत हो घरात. काल थोरल्यानं तराजू पाडला." आन् पयल्यांदाच त्यानं फोन आदळला न्हाय.

तवापासून सकाळ आली की काम न्हाय. दूध गाडीत घालायचं, गाडी धूळ उडवत गेली की झालं. थोरली तिच्या गच्चीवर. बाईंनी तिची परीक्षा परत घेतली, पन त्या दिवशी काय झालं ते तिनं बाईंना सांगितलं न्हाय. रेंज गेली व्हती, असं सांगितलं. मी मातूर अंगनात येड्यासारखा फिरायचो. हाताला काय तरी ढवळावं वाटायचं. चहा एवढा ढवळायचो की बायको जाताजाता मनायची, तुमी काय त्याचा पन खवा करायलाव का? बसलो की उठायचो. उठलो की भट्टीकडं जायचो. भट्टीला रातभर हात लावल्याला न्हाय, तरी वाकून बघायचो, राखंत हात घालायचो, पार कोपरापर्यंत, कुठं खाली निखारा ऱ्हायलाय का.

धाकटी सगळं बघायची. एका सकाळी ती येऊन माझ्याजवळ उकिडवी बसली आन् तिनं बी राखंत हात घातला.

म्या तिचा हात असा वढला की ती दचकली.

"गार हाय की पप्पा," ती मनली.

"असू दे. काढ हात," म्या मनलं, आन् परत एकदा माझा हात घालून बघितला.